डब्याला थंडी माहीत नव्हती

कालपासून हळद शिजायला लागली. आमच्या बोरी गावाच्या वरच्या अंगाला दोन बॉयलर बसलेत. त्यांची वाफ सकाळपासून गावावरून सरकत राहते, आणि वारा पडला की जागच्या जागी बसून जाते. वास घरात येतो. ओल्या मातीचा, मुळांचा, थोडा दवाखान्यासारखा. ज्याच्या रानातली हळद शिजते त्याला तो वास सणासारखा वाटत असंल. मी खिडक्या लावून घेतो. लावल्या तरी दाराच्या फटीतून तो येतोच.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी खिडक्या लावत नव्हतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसून आम्ही बाप-लेक गाडीसाठी एक डबा बांधत होतो, आणि गया, माझी बायको, ओट्यावर बसून आमच्याकडं बघत होती. गयाला जाऊन आता अडीच महिने होतील. पौषात गेली.

माझं शिक्षण सातवी. तेही धड न्हाई. परभणीत चाळीस वर्षं पेट्रोल गाड्यांचा मिस्त्री होतो, हात थरथरायला लागले तसा गावाकडं आलो. लिहायची सवय न्हाई, म्हणून जे आठवतं ते जसं येतंय तसं लिहितो.

त्या उन्हाळ्यात गयाचं पाणी मोजलेलं होतं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिसला न्यावं लागायचं. डॉक्टरनं दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. सकाळी मी एका बाटलीत तेवढं भरून तिच्याजवळ ठेवायचो, संपलं की संपलं. गावावर पाण्याची वाफ तरंगतीय, बॉयलरखाली जाळ, पत्रा तापून कडकड वाजतोय, आणि ही बाटलीच्या झाकणानं पाणी पिते. झाकण ओठाला लावायची आणि बराच वेळ तसंच धरून ठेवायची. मी तिकडं बघायचं टाळायचो. माणसानं इतकं हळू पाणी पिऊ नये.

परभणीला एसटीनं न्यायचो. जाताना ती मला धरून बसायची, येताना मी तिला धरून बसायचो. जीपमध्ये तर तिचा सुजलेला पाय कुणाच्या तरी पोत्याखाली असायचा आणि ती कुणाला काही म्हणायची न्हाई. शेडमध्ये आमची छोटी गाडी धूळ खात उभी होती. पेट्रोल-हवा मिसळणारा कार्बोरेटर जाऊन पेट्रोल फवारणारे इंजेक्टर नुकते आले होते त्या काळातली गाडी. इंजन चांगलं, पण उंदरानं वायरिंग कुरतडलं आणि तिचा डबा जळाला. डबा म्हणजे गाडीचं डोकं. कोणत्या वेळी किती पेट्रोल टाकायचं, ठिणगी कधी पाडायची, ते सगळं तो ठरवतो. तो डबा आता कुठंच मिळत नव्हता. इंजनात काही बिघडलं तर मी ते कानानं ओळखतो. डबा मेला की काही आवाजच येत न्हाई. ते मला पहिल्यापासून बरं वाटायचं न्हाई.

आमची माया पुण्यात एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिकच्या पट्ट्या तपासते. आईसाठी म्हणून दोन महिने घरून काम करायची परवानगी काढून ती शिमग्याच्या आधी आली. दुसऱ्याच दिवशी बोनेट उघडून उभी राहिली.

"बाबा, डबा आपणच बांधू."

"आपण म्हंजे?"

"तुमी आन मी. ह्याचा सगळा नकाशा नेटवर उघडा पडलेला हाय. कुणीबी घ्यावा, बांधावा, सुधारला तर परत तिथंच ठेवावा. कुणाच्या मालकीचा न्हाई."

"फुकट हाय?"

"हो."

"मग त्यात खोट असणार."

"असली तर ज्याला सापडंल तो लिहून ठेवतो. बाकीच्यांना कळतं."

"आन ज्याला सापडली तो लिहायलाच राहिला न्हाई, तर?"

ओट्यावरून गया म्हणाली, "कसलं अभद्र बोलायलाव वो सकाळच्या पारी? लेकरू आत्ताच आलंय."

मी उगं बोलून गेलो होतो. पण त्या दिवसांत माझ्या तोंडातून असंच निघायचं.

मला ह्या उघड्या नकाशाचं नवल वाटायचं, ते का, ते सांगतो. परभणीत ज्या उस्तादांच्या हाताखाली मी मिस्त्री झालो, त्यांनी चाळीस गोष्टी शिकवल्या आणि एक्केचाळिसावी झाकून ठेवली. कार्बोरेटरचा हवेचा पेच फिरवायची वेळ आली की ते माझ्याकडं पाठ करायचे. रुंद पाठ होती. त्या पाठीआड काय होतंय ते दिसायचं न्हाई, फक्त इंजनाचा आवाज बदलत जायचा, आधी खरखर, मग जाड, मग एकदम तलम. विचारलं की म्हणायचे, "आँख नक्को लगा, कान लगा." मी कान लावला. दोन वर्षांनी पकडलं. आणि पकडल्यावर मीही माझ्याकडं आलेल्या माणसांकडं पाठच केली. आमच्या धंद्यात असंच होतं. हातातलं सांगून टाकलं तर हात कशाला उरला? आणि इथं माझी लेक सांगत होती, की जगात हजारो लोक आपापला पेच उघडा करून ठेवायलेत. चूक झाली तर तीही.

चूकही उघडी ठेवायची. हे मला तेव्हा कळलं न्हाई. आता कळतंय, आणि कळलेलं जड जायलंय.

शेडमध्ये दुपारी हात लावायची सोय नव्हती, पाना तापून पोळायचा. माया कपाळाला ओलं फडकं बांधून सोल्डर करायची. बारीक बारीक पाय असलेले भाग, मुंगीएवढे. तिचे हात बघून मला माझे जुने हात आठवायचे. इंजनाच्या पुलीवर मी एक दातेरी चकती बसवली. छत्तीस दात्यांची, त्यातला एक दात मुद्दाम काढलेला. चकती फिरते, सेन्सर दात मोजतो, आणि जिथं दात न्हाई तिथून डब्याला कळतं इंजन फिरून कुठं आलंय ते. मी मायाला म्हणलं, हे उलटंच हाय, हायत ते सोडून न्हाई त्याच्यावरून मोजायचं. ती म्हणाली, तेच तर सोपं पडतं. घरात मी आता तसंच मोजतो. ओट्यावर गया बसायची ती जागा, तिथून पुढं दिवस कुठं आला ते.

गया कधी कधी शेडच्या दारात येऊन उभी राहायची. दाराला धरून. मागून वाफेचा पांढरा पडदा आणि पुढं ती, तोंड राखेसारखं झालेलं. एकदा मी गाडीखालून वर बघितलं आणि क्षणभर ओळखलंच न्हाई कोण उभंय ते.

"काय बघायलीस?"

"तुमाला बघायले. लय दिवसांनी लेकीचं ऐकायलाव."

"ऐकतोय कुठं? ती सांगती, मी करतो."

"त्यालाच ऐकणं म्हणतेत."

डबा बांधून झाला. गाडीत बसवला. पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या मन्मथअप्पांची म्हैस दावं तोडून पळाली. मन्मथअप्पांचं किराणा दुकान, गळ्यात लिंग, आणि तोंडात कायम टोमणा. म्हशीला धरून आणता आणता ते शेडसमोर थांबले.

"मिस्त्री, गाडीला लेकीनं डोकं बसवलं म्हणं."

"बसवलं अप्पा."

"थोडं उरलं असंल तर तुमालाबी बसवा म्हणावं."

"आधी तुमच्या म्हशीला बसवतो. दावं तोडून तुमच्याच दुकानात घुसली ती."

सगळे हसले. गया तर खोकला येईपर्यंत हसली. खोकला लवकर थांबला न्हाई. माया उठून तिच्याकडं गेली, अप्पा म्हशीकडं बघायला लागले, आणि मी बोनेटमध्ये डोकं घातलं.

ठिणगीची वेळ चुकली होती, ती सुधारली. दोन दिवसांनी इंजन लागलं. मग सुरू झालं ते लॅपटॉपवरचं काम. पडद्यावर घरांचा तक्ता असतो, बुद्धिबळाच्या पटासारखा. प्रत्येक घरात एक आकडा, त्या त्या वेळी किती पेट्रोल द्यायचं त्याचा. गाडी चालवत जायचं, माया मांडीवर लॅपटॉप घेऊन बाजूला, मी कान देऊन सांगायचो, "इथं उपाशी हाय," "इथं जास्ती प्यालं," आणि ती आकडा बदलायची. माझा कान आणि तिचे आकडे. बोरीच्या रस्त्यानं आम्ही किती चकरा मारल्या त्याला हिशेब न्हाई. दोन्ही बाजूला हळद वाळत पडलेली, पिवळी जर्द रानं, डोळे दिपायचे. ते दिवस चांगले होते. मला तेव्हा कळत होतं की ते चांगले आहेत, आणि त्यामुळंच भीती वाटायची.

एक छोटा तक्ता वेगळा होता. तो फक्त गाडी सुरू करायचा. इंजन जितकं थंड तितकं सुरू करताना पेट्रोल जास्त लागतं. चाळीस डिग्रीला किती, तीसला किती, असं खाली खाली जात दहा, पाच, शून्य. वरची घरं आम्ही भरली. खालची कशी भरायची? त्या दिवसांत सकाळी सहाला बोनेटला हात लावला तरी ते कोमट लागायचं. इंजनाला थंड व्हायची सवडच नव्हती. मायानं खालच्या घरांत अंदाजानं आकडे टाकले आणि प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह केलं. पडद्यावर ती खालची ओळ तशी दिसायची. मला ती आवडायची न्हाई.

"दिवाळीनंतर हे तुमी भरायचं, बाबा," जायच्या दिवशी माया म्हणाली. "थंड इंजन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा लागलं की ते गरम झालं, मग दुसऱ्या दिवसाची वाट. रोज एक सकाळ, एक घर. मला फोन करा, मी आकडा सांगते."

"करतो."

"विसरणार न्हाई ना?"

"आगं, थंडी पडली की थंडीच आठवण करून देईल."

लॅपटॉप तिनं माझ्याकडं ठेवला, गाडीपुरता. गाडीचा सगळा नकाशा, आमच्या आकड्यांसकट, तिनं नेटवर ठेवून दिला. खाली तिचं नाव, आणि माझंही. मला ते दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. माझं नाव रेशनकार्ड आणि मतदार यादी सोडून कुठं छापलेलं मी बघितलं नव्हतं.

उन्हाळा, पावसाळा, सगळं त्या डब्यानं पार पाडलं. किल्ली फिरवली की लागायची. गया पुढच्या सीटवर पाय लांब करून बसायची, काच खाली, पदर वाऱ्यावर. परभणीहून येताना तिला झोप लागायची. लोक म्हणायचे मिस्त्री नशीबवान.

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत न्हाई. वैशाखात भट्टी, आणि पौषात टाकीच्या पाण्यात बोट घातलं तर बोट बधिर होतं. मार्गशीर्षात सकाळी गाडी कुरकुर करायला लागली. दोन झटके, तीन झटके, मग लागायची. मी मायाला फोन करायला पाहिजे होता. केला न्हाई. कार्बोरेटरच्या काळातली युक्ती होती माझ्याकडं. चिंधी पेट्रोलमध्ये भिजवायची आणि हवेच्या तोंडाशी अडकवायची. इंजन वास घेतं आणि उठतं. तसं केलं, उठलं. दुसऱ्या दिवशीही उठलं. मला लय बरं वाटलं. लेकीच्या डब्याला जे जमलं न्हाई ते माझ्या चिंधीला जमलं, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, असंच वाटलं.

गयाच्या ते लक्षात आलं होतं.

"पोरीला सांगितलं का?"

"काय सांगायचं?"

"गाडी सकाळची रुसायलीय ते."

"रुसली तर मनवतो की मी. चाळीस वर्षं हेच केलंय."

"गाड्याच मनवल्या सगळ्या. मला कदी मनवलं?"

"तू कुठं रुसलीस?"

"रुसले असते तर तुमाला कळलं असतं व्हय?"

ती चेष्टेत म्हणाली. मी चिंधी धुऊन वाळत घातली. घरं रिकामी राहिली. एक महिना रोज सकाळ मिळत होती, रोज एक घर भरता आलं असतं. एकही भरलं न्हाई.

पौषातल्या त्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी होतीच. पहाटे उठली ती श्वास न पुरूनच. उशाला दोन उशा, तरी बसून राहिलेली, तोंड उघडं, छातीत पाण्यासारखा आवाज. मी इंजनाचे आवाज ओळखणारा माणूस. तो आवाज मी ओळखला. स्वेटर, शाल घालून तिला गाडीत नेऊन बसवलं, तिनं स्वतः पाय उचलून आत घेतले. बाहेर धुकं आणि गार असं की किल्ली बोटाला चिकटल्यासारखी वाटली.

किल्ली फिरवली. न्हाई लागली. चिंधी लावून फिरवली, एकदा खोकली आणि गेली. परत बसलो. परत फिरवली. अर्धा फेरा धरला आणि सोडलं. मग मी फिरवतच राहिलो. फोन खिशात होता. ॲम्ब्युलन्सला लावता आला असता. लावला न्हाई, कारण दर वेळी वाटायचं, आता लागतीय. प्रत्येक वेळी वाटायचं. स्टार्टरचा आवाज जड होत गेला, बॅटरी बसत आली. काचेवर आतून तिच्या श्वासाची वाफ धरली होती.

तो आवाज ऐकून मन्मथअप्पा कानटोपी घालून, दुकानाचा पिकअप घेऊन आले. दोघांनी तिला उचलून पिकअपमध्ये घेतलं. परभणी यायच्या आधीच, रस्त्यातच, ती माझ्या खांद्यावर गेली. अप्पांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

दुपारी माया आली. मी तिला म्हणलं, "घरातच गेली. झोपेत. गाडी काढायची वेळच आली न्हाई."

अप्पा तिथंच होते. ते गप्प राहिले. जलदान विधीच्या दिवशी, वंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, मी बोलणार न्हाई. पण हे तुमच्या पोटात राहणार न्हाई, बगा."

"तिच्या हातचा डबा हाय अप्पा. तिला कळलं तर आईचा जीव त्या डब्यानंच घेतला म्हणून जन्मभर झुरत बसंल."

"तिच्यासाठी लपवायलाव का तुमच्यासाठी?"

मला राग आला. राग आला म्हणजे त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

अडीच महिने असे गेले. गाडी मी परत सुरू केली न्हाई. शेडला कुलूप. आणि काल, हळदीची पहिली वाफ गावावर आली त्याच दिवशी, मायाचा फोन.

"बाबा, आपला नकाशा एकानं घेतलाय. उत्तरेला डोंगरात राहतो. आपलीच गाडी. डबा बांधून झालाय त्याचा. त्याच्याकडं आजून बर्फ हाय, आन त्याच्या गावात दुसरी गाडीच न्हाई म्हणायलाय. थंडीचे आकडे मागायलाय. तुमी भरले होते ना?"

मी उठून खिडकी लावली.

"बाबा? न्हाई भरले तरी चालतं. डब्यात ते छोटं कार्ड हाय बगा, प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की सगळं त्यात लिहिलं जातं. पौषातलं असंल त्यात. तेवढं काढून पाठवा. आता इकडं थंडी गेली, नवीन मिळणार न्हाई. त्याला परवा पाहिजे."

"बघतो," म्हणलं.

कार्डाचं मला ठाऊक होतं. विसरलो होतो म्हणणार न्हाई, आठवू दिलं नव्हतं. त्या डब्यात, काळोखात, ती सकाळ लिहून ठेवलेली होती. मी जगाला काय सांगितलं ते डब्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आपलं काम केलं होतं.

कार्ड फेकून देता आलं असतं. खराब झालं म्हणता आलं असतं. माया कधी विचारत बसली नसती. आणि तो डोंगरातला माणूस आमच्या प्रश्नचिन्हांवर गाडी घेऊन बसला असता, बर्फात, शेजारच्या सीटवर त्याचं कुणीतरी. खोट सापडलेला लिहायलाच न राहिला तर, असं मी विचारलं होतं. मी राहिलो होतो की. मी जिवंत, हातपाय धड.

आज सकाळी शेडचं कुलूप काढलं. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मायानं शिकवलं होतं तसं उघडलं. आकड्यांच्या ओळी आल्या, खाली खाली जाणाऱ्या. वेळ, इंजनाची उष्णता, ॲक्सिलेटरचं पेडल किती दाबलं, पेट्रोल किती पडलं. इंजनाची उष्णता सहा. अकरा वेळा किल्ली फिरवली होती मी. मला चार-पाच आठवत होत्या.

पहिल्या वेळी पेट्रोल पडलेलं, कमी, पण पडलेलं. दुसऱ्या वेळी पडलेलं. तिसऱ्या वेळेपासून पेडलच्या ओळीत शंभर. पेट्रोलच्या ओळीत शून्य. चौथ्याला शंभर, शून्य. पाचव्याला शंभर, शून्य. अकराव्यापर्यंत.

पडद्यावरून मान वर केली. गावावरची वाफ शेडच्या दारापर्यंत आली होती.

डबा बसवला तेव्हा मायानं एकदा सांगितलं होतं. सुरू करताना पेडलला पाय लावू नका, बाबा. पुरं दाबलं तर डब्याला वाटतं पेट्रोल जास्त झालं, प्लग भिजले. मग तो पेट्रोल तोडून टाकतो. मी बरं म्हणलं होतं. उन्हाळ्यात पाय लावायची गरजच पडली न्हाई. पण कार्बोरेटरवर चाळीस वर्षं काढलेला पाय हाय हा. तिथं गाडी लागली न्हाई की पाय दाबायचा, दाबला की पेट्रोल जातं. त्या पहाटे डोकं जाग्यावर नव्हतं. पाय एकटाच आपलं जुनं काम करत होता. नऊ वेळा मी जीव खाऊन पेडल दाबलं, आणि नऊ वेळा डब्यानं हुकूम मानून पेट्रोल बंद केलं. तिसऱ्या वेळी आधीच्या पेट्रोलवर अर्धा फेरा धरला होता. पाय काढून अजून एकदा फिरवली असती तर लागली असती. मी मिस्त्री हाय. मला ते कळतं. ती वाचली असती का, ते मला कळत न्हाई.

मी फाईल पाठवून दिली. परत घेता येऊ नये म्हणून आधी पाठवली, आणि तिनं उघडायच्या आत फोन लावला.

"माया, तुझी आई घरात न्हाई गेली."

मी सगळं सांगितलं. चिंधी, महिनाभर रिकामी राहिलेली घरं, अकरा वेळा किल्ली, खिशातला फोन, अप्पांचा पिकअप. मग पाय सांगितला. म्हणलं, "तुझा डबा चुकला न्हाई. तू सांगितलं तसाच वागला तो. त्या डोंगरातल्या माणसाला आकडे तर दे, पण त्याच्या वर मोठ्या अक्षरात लिही, सुरू करताना पाय बाजूला ठेव. आन खाली माझं नाव हाय तिथंच लिही, की ह्यानं ठेवला न्हाई."

फोनमध्ये फक्त पुण्याचा आवाज येत होता, गाड्यांचा. ती रडत होती का, कळलं न्हाई. मला वाटलं ठेवून देईल.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीत आई काही बोलली का?"

हे मी अप्पांनाही सांगितलं नव्हतं.

"बोलली," मी म्हणलं. "तिसऱ्या-चौथ्या वेळी. दम नव्हता, तरी माझ्या मांडीवर हात ठेवला. म्हणली, आवो, पाय काढा की त्याच्यावरून, पोरगी काय म्हणली होती?"

"मग?"

"मी म्हणलं, तू गप बस. तुला काय कळतंय इंजनातलं."

"मग?"

"मग ती गप बसली."